काळजाचा ठोका आणि मनाचा धसका

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त मंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्तमानपत्रात निधनवार्ता येते तिच्यात एक वाक्य ठरलेले असते. 'हृदयक्रिया बंद पडून आकस्मिक निधन झाले.' वाचणारा क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. पण थोडा विचार केला तर ध्यानात येईल की हृदयक्रिया शेवटी प्रत्येकाचीच बंद पडते. हे मरणाचे कारण नव्हे, मरणाचे दुसरे नाव झाले. खरा प्रश्न असा आहे की, काल संध्याकाळपर्यंत पारावर बसून गप्पा मारणाऱ्या माणसाची हृदयक्रिया आज सकाळीच का बंद पडावी?

या प्रश्नाचे उत्तर गावोगावची म्हातारी माणसे आपल्या परीने देत आली आहेत. 'त्याने हाय खाल्ली', 'तिने धसका घेतला', 'पोराच्या काळजीने गेला', असे ती म्हणतात. शिकलेली मंडळी या बोलण्याला हसत असत. विचार मेंदूत चालतात आणि रक्त हृदय ढकलते. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, असा त्यांचा सवाल असे. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की म्हातारी माणसे अर्धी बरोबर होती. अर्धी बरोबर आणि अर्धी चूक. त्यातले बरोबर कोणते आणि चूक कोणते, हे नीट समजून घेणे हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. कारण त्या चुकीच्या अर्ध्यापायी कित्येक घरांत निरपराध माणसे जन्मभर बोल सोसत आली आहेत.

प्रथम हृदयाचा कारभार कसा चालतो ते पाहू. माणसाचे हृदय त्याच्या मुठीएवढे. मिनिटाला सुमारे बहात्तर ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाखाहून अधिक ठोके होतात. रविवार नाही, सणाची सुट्टी नाही. या ठोक्यांची आज्ञा मेंदू देतो असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानसा पुंजका आहे. त्याला सायनस नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पुंजका आपल्या आपण विजेची बारीकशी लहर उत्पन्न करतो, ती ठराविक वाटेने खाली उतरते आणि सारे हृदय एकदम आकुंचन पावते. हाच ठोका. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. असे हृदय बसविताना मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटलेल्याच असतात. तरीही ते हृदय चालते. म्हणजे ठोका हृदयाचा स्वतःचा आहे.

मग मेंदूचे काम काय? गावाचा रोजचा कारभार गावातच चालतो, पण तालुक्याहून अधूनमधून हुकूम येतात, तसे समजावे. मेंदूकडून हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा जातात. एकीचे नाव सिंपथेटिक. ती सांगते, 'घाई करा, संकट आहे.' दुसरी व्हेगस. ती सांगते, 'सावकाश, घाई नाही.' व्हेगस नसेला चेतना दिली की हृदय मंदावते, थांबतेही, हे जर्मनीतील वेबर बंधूंनी १८४५ मध्येच दाखवून दिले होते. पुढे १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी या हुकुमाची चिठ्ठीच पकडली. त्यांना प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली. रात्री उठून त्यांनी ती कागदावर खरडली. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवून ते हृदय त्यांनी मंद केले, आणि त्याच्याभोवतीचे पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातले. त्या दुसऱ्याला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे नस आपला हुकूम एका रसायनाच्या रूपाने पोचविते. या शोधाबद्दल १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता, दचकल्यावर काळजाचा ठोका चुकतो, परीक्षेच्या दिवशी छाती धडधडते, याचा उलगडा येथे होतो. भीती, राग, दुःख मेंदूत उठले की सिंपथेटिक नसेचा हुकूम क्षणात सुटतो आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरते. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्त लवकर गोठू लागते. समोर वाघ उभा असेल तर हे सारे उपकारकच आहे. पळायला बळ मिळते आणि जखम झालीच तर रक्त थांबते. धडधाकट हृदय हा हुकूम पाळते आणि दहा-पंधरा मिनिटांत मूळ पदावर येते. सबब, छाती धडधडली म्हणून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

धोका निराळ्याच ठिकाणी आहे. ज्या वाटेने विजेची लहर उतरते ती वाट जर कोठे खराब झाली असेल, तर घाईच्या हुकुमाने गोंधळ माजू शकतो. लहर सरळ न जाता गोल गोल फिरू लागते, तिचे तुकडे होतात, आणि हृदयाचे खालचे कप्पे एकदम आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय हलते आहे, पण रक्ताचा एक थेंबही पुढे जात नाही. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. अचानक येणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळ मृत्यू या वाटेने येतात.

हृदयविकाराचा झटका आणि हा प्रकार एक नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. झटक्यात रक्तवाहिनी तुंबते, म्हणजे पाण्याचा नळ अडतो. या दुसऱ्या प्रकारात विजेचा गोंधळ होतो. नळ अडल्यामुळे वीज बिघडू शकते, म्हणून दोन्ही कित्येकदा पाठोपाठ येतात. पण नळ आणि वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा सर्वात प्रसिद्ध जुना दाखला लंडनचा आहे. अठराव्या शतकात तेथे जॉन हंटर नावाचे नामांकित शस्त्रवैद्य होते. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर हे त्यांचेच शिष्य. हंटर यांचा स्वभाव तापट. त्यांना छातीत कळा येत, आणि कोणी वादाला तोंड फोडले की हटकून येत. आपला जीव कोणत्याही खट्याळ माणसाच्या हातात आहे, त्याने चिडवायचा अवकाश, असे ते म्हणत. जेन्नर यांना शंका होती की गुरूच्या हृदयाच्या रक्तवाहिन्याच आतून कठीण झाल्या असाव्यात. पण गुरूच्या मनाला धक्का बसू नये म्हणून त्यांनी ते उघड बोलायचे टाळले. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला. हंटर संतापून शेजारच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळून मरण पावले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हाडासारख्या कठीण झालेल्या आढळल्या.

आता विचार करावा. हंटर यांना कोणी मारले? वाद घालणाऱ्याने, की त्या कठीण झालेल्या वाहिन्यांनी? वाद तर त्या बैठकीत इतरांनीही घातला होता, आणि ते सर्व आपापल्या घरी सुखरूप गेले. या प्रश्नातच आजच्या विषयाचा गाभा आहे.

एका माणसाच्या दाखल्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते योग्यच आहे. तेव्हा एका अख्ख्या शहराचा दाखला घेऊ. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तो कोण विसरेल? त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात नॉर्थरिज येथे पहाटे साडेचारच्या सुमारास मोठा भूकंप झाला. लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती त्या वेळी सुमारे नव्वद लाख. तेथे अचानक झालेल्या मृत्यूंची नोंद सरकारी मृत्युतपासणी कार्यालयात होते. ती दफ्तरे डॉक्टरांनी पुढे तपासली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भूकंपाच्या आधीच्या आठवड्यात, रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे हृदय अचानक बंद पडून झालेले मृत्यू रोज सरासरी ४.६ होते. भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले. हे लोक भिंतीखाली सापडलेले नव्हते. त्यांना बाहेरून जखम नव्हती.

त्या दफ्तरातील आणखी तीन गोष्टी फार बोलक्या आहेत. पहिली, चोवीसपैकी सोळा जण पहिल्या धक्क्यानंतर एका तासाच्या आत मरण पावले किंवा त्यांना त्या तासात छातीत दुखण्यासारखी लक्षणे सुरू झाली. दुसरी, अचानक मेलेल्यांपैकी फक्त तिघांनी काही नेहमीपेक्षा जड श्रम केले होते. म्हणजे ढिगारे उपसून, जिने उतरून दमल्यामुळे हे झाले असे म्हणता येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत निव्वळ भयच पुरेसे झाले. आणि तिसरी, पुढच्या सहा दिवसांत हे मृत्यू नेहमीपेक्षाही कमी झाले, रोज सरासरी २.७. याचा अर्थ असा लावला जातो की भूकंपाने ज्यांना नेले त्यांतील काही जणांची हृदये आधीच काठावर उभी होती. धक्क्याने त्यांचा दिवस अलीकडे ओढला.

आणि एक चौथी गोष्ट, जी कोणत्याही दफ्तरात वेगळी लिहावी लागत नाही. धरणी नव्वद लाख लोकांच्या पायांखाली एकाच वेळी हलली. भय सर्वांनाच वाटले. त्यातल्या चोवीस जणांची हृदये थांबली. केवळ भयाने माणूस मरता, तर शहर ओस पडले असते.

भीतीच घातक आणि आनंद निर्धोक, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील डॉ. जॉर्ज एंगेल यांनी सहा वर्षे वर्तमानपत्रांतून आकस्मिक मृत्यूच्या बातम्या जमविल्या आणि १९७१ मध्ये अशा १७० प्रसंगांची छाननी प्रसिद्ध केली. जिवलगाच्या मृत्यूची वार्ता, संकटाचा प्रसंग, मानहानी, ही कारणे त्यांत होतीच. पण दीर्घ ताटातुटीनंतरची भेट, मोठे यश, संकटातून सुटका, असेही प्रसंग होते. पुढे २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी इतर दिवसांच्या २.६६ पट झाल्या होत्या. पुरुषांत हे प्रमाण सव्वातीन पटीच्या घरात होते. सामना सुरू झाल्यानंतरचे दोन तास सर्वात वाईट. आणि येथेही तीच गोष्ट: सामन्याच्या दिवशी आलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना हृदयविकार असल्याचे आधीपासून ठाऊक होते, इतर दिवशी हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. आपल्याकडे क्रिकेटच्या शेवटच्या षटकात श्वास रोखून बसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मेंदूतली नुसती आठवणसुद्धा हृदयाची वीज बिघडवू शकते काय? याचे उत्तर डॉ. बर्नार्ड लाउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले व १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. कुत्र्यांना एका झोळीत ठेवून त्यांनी काही दिवस सौम्य विजेचे झटके दिले. पुढे झटके बंद केले, पण कुत्रा त्या झोळीत असताना त्याच्या हृदयात धोक्याचे ठोके सुरू व्हायला, शांत पिंजऱ्यात असतानापेक्षा पुष्कळच कमी चेतना पुरू लागली. झटका नव्हता, झटक्याची आठवण होती. तीच गोष्ट माणसांत दिसली ती निराळ्या रीतीने. काही रुग्णांच्या छातीत एक लहान यंत्र बसविलेले असते. हृदयाची वीज बिघडली की ते नोंद करते आणि आतूनच झटका देऊन ठोका जागेवर आणते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला. तेथील अशा दोनशे रुग्णांच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हल्ल्याच्या आधीच्या तीस दिवसांत साडेतीन टक्के रुग्णांच्या हृदयात धोक्याची धडधड नोंदली गेली होती. नंतरच्या तीस दिवसांत आठ टक्क्यांच्या. नोंद यंत्राची होती. त्यात 'मला वाटले' अशा बोलण्याला जागा नव्हती.

आतापर्यंतच्या सर्व दाखल्यांतून एकच तात्पर्य निघते. जुन्या वाड्याची भिंत वाऱ्याने पडली असे लोक म्हणतात. पण त्याच वाऱ्यात शेजारची भिंत उभी असते. पडली ती भिंत, जिला आतून भेग होती. मनाचा धक्का हा वारा आहे, आणि हृदयातला जुना दोष ही भेग. भेग बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांच्या विकाराची असते. पूर्वी झटका येऊन गेला असेल तर हृदयाच्या स्नायूवर वण राहतो. विजेची लहर त्या वणाशी अडखळते आणि वळसा घेते. कधी हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड असतो. कधी दोष डोळ्यांना दिसतच नाही, फक्त ठोक्यांच्या आलेखात, ज्याला ईसीजी म्हणतात त्यात, सापडतो. लाँग क्यूटी नावाचा असा एक विकार घराण्यात उतरतो. त्याच्या एका प्रकारात पोहताना किंवा धावताना धोका असतो; दुसऱ्या प्रकारात गजराचे घड्याळ किंवा फोनची घंटी एकाएकी खणखणली तरी ठोका बिघडू शकतो. घरात कोणी तरुणपणी अचानक गेला, कोणी पोहताना बुडाला आणि पट्टीचा पोहणारा होता, कोणी दचकून बेशुद्ध पडतो, असे एकाहून अधिक प्रसंग असतील, तर ती घराची साडेसाती म्हणून सोडून देऊ नये. घरातील सर्वांचा ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवावा. या विकारावर औषध आहे.

पूर्वी दोष नसताना निव्वळ दुःखाने हृदय खचल्याचेही एक उदाहरण शास्त्राला ठाऊक आहे. जपानमधील डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला ताकोत्सुबो असे नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे तेथील कोळ्यांचे ऑक्टोपस पकडण्याचे अरुंद गळ्याचे मडके. हृदयाचा डावा खालचा कप्पा फुगून तसा दिसतो. मोठ्या धक्क्यानंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, छातीत अगदी झटक्यासारखे दुखते, पण रक्तवाहिनी तुंबलेली सापडत नाही. बहुतेक जणींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. मात्र सुरुवातीच्या दिवसांत जिवाला धोका असतो. तेव्हा दुःखात बुडालेल्या बाईने छातीत दुखते असे सांगितले, तर 'रडून रडून होते तसे' म्हणून तिला गप्प करू नये.

रोजच्या ताणाचे काय, असाही प्रश्न मनात येईल. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. सर्वांचा समज असा की मोठ्या जबाबदारीमुळे साहेब लोक हृदयविकाराने अधिक जात असतील. निघाले उलटे. सर्वात खालच्या पायरीवरचे, निरोप्या-शिपायांच्या हुद्द्याचे लोक साहेबांच्या तिपटीहून अधिक प्रमाणात हृदयविकाराने गेले. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब वजा करूनही फरक पुरता मिटला नाही. कामाचा बोजा अंगावर, पण त्यात स्वतःच्या मर्जीला वाव नाही, ही अवस्था हृदयाला सोसत नाही, असे पुढील पाहण्यांतून दिसत गेले. असा ताण एका दिवसात मारत नाही. तो भेग रुंद करीत राहतो.

श्रोतेहो, आता या ज्ञानाचा गावाला उपयोग काय, ते पाहू.

पहिली गोष्ट, वाईट वार्ता सांगण्याची रीत. तारेच्या काळात घरी माणूस गेला तरी परगावच्या नातेवाइकांना 'प्रकृती अत्यवस्थ, ताबडतोब निघा' अशीच तार जात असे. त्यात खोटेपणा थोडा आणि शहाणपण फार होते. आज वार्ता मोबाइलवर क्षणात, कशीही आणि कोठेही येऊन आदळते. ज्यांना हृदयाचा विकार आहे, ज्यांचे वय झाले आहे, त्यांना अशी वार्ता एकटे असताना फोनवर सांगू नये. कोणी जवळच्याने जाऊन, खाली बसवून, सावकाश सांगावी.

दुसरी गोष्ट, मयताच्या घरातील मागे राहिलेल्यांची काळजी. अमेरिकेत झटका येऊन रुग्णालयात आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची माहिती घेऊन २०१२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जिवलगाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झटक्याची शक्यता एरवीच्या सुमारे एकवीस पट होते. पुढे दिवसागणिक ती उतरत जाते. एकवीस पट ऐकून छातीत धस्स होईल, म्हणून हेही सांगितले पाहिजे की मूळ शक्यताच अगदी थोडी असते. ज्यांना हृदयाचा धोका अधिक, अशा ३२० शोकग्रस्तांमागे त्या आठवड्यात एखादा झटका जास्तीचा, असा तो हिशेब आहे. तरी त्या आठवड्यात आपल्या घरांत काय होते? विधी सांभाळले जातात, आल्यागेल्याचे चहापाणी होते. पण म्हातारीने रक्तदाबाची गोळी घेतली का, दोन घास खाल्ले का, झोप लागली का, हे विचारायला कोणालाच सवड नसते. दहा दिवस एका शहाण्या माणसाला एवढेच काम नेमून द्यावे. हृदयासाठी चालू असलेली गोळी मध्येच बंद केली तर ठोके उलटू शकतात, हे पक्के ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट, कोसळलेल्या माणसापाशी पहिल्या पाच मिनिटांत काय करावे. आपल्याकडे गर्दी जमते. कोणी कांदा हुंगवतो, कोणी तोंडात पाणी घालतो. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालणे घातक आहे. हाक मारून, हलवून तो जागा होत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. दुसऱ्याने रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून जोराने दाबावे. प्रौढ माणसाची छाती सुमारे दोन इंच खाली गेली पाहिजे, आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी, पण खंड पडू देऊ नये. हृदय थरथरत असताना विजेचा झटका देणारे यंत्र हाच खरा इलाज. तो मिळेपर्यंत हे दाबणे मेंदूला जिवंत ठेवते. काहीही न करता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. तरुण मंडळाच्या पोरांनी हे शास्त्रशुद्ध शिकून घेतले, तर लेझीम-ढोलाइतकाच त्यांचा गावाला अभिमान वाटेल.

चौथी गोष्ट, भेग वेळीच शोधणे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासणे, तंबाखू-विडी सोडणे, चालताना छातीत दाटले तर अंगावर न काढणे, यात नवल असे काही नाही. पण वारा अडविणे कोणाच्याच हाती नाही. संकट येणार, वार्ता येणार, भांडणे होणार. भेग बुजविणे मात्र पुष्कळ अंशी हाती आहे.

शेवटी ज्या चुकीचा आरंभी उल्लेख केला तिच्याकडे येऊ. घरात वाद होतो, म्हातारा तावातावाने उठतो आणि कोसळतो. मग सारे घर एका माणसाकडे बोट दाखविते. 'तू बोललास म्हणून बाबा गेले.' तो मुलगा पुढे वीस वर्षे बापाच्या तसबिरीकडे डोळे वर करून पाहू शकत नाही. नवरा तरुणपणी झोपेत जातो, आणि महिन्यापूर्वी घरात आलेली पोर 'पांढऱ्या पायाची' ठरते. सासरी तिला थारा नाही, माहेरी तिला मान नाही. त्या तरुणाच्या हृदयात जन्मापासून दोष होता, तिच्या पायांत नव्हता, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

मनाचा धक्का हृदयाला लागतो, हे खरे. म्हणून आजारी माणसाशी सांभाळून बोलावे, हा धर्मच आहे. पण एका रागाच्या शब्दाने धडधाकट हृदय सहसा थांबत नाही. शब्द एका क्षणाचा असतो. आतली भेग बहुतेक वेळा कित्येक वर्षांची असते. हे ज्याला समजले, त्याने आपल्या गावात अशा एखाद्या घरी जावे, आणि वर्षानुवर्षे बोल सोसणाऱ्या त्या मुलापाशी, त्या बाईपाशी बसून हे समजावून सांगावे. वीस वर्षांचे ओझे एका संध्याकाळी उतरणार नाही. पण उतरायला सुरुवात होईल.